अम्माऊसच्या खाणावळीत टोपी घालून उभा असलेला माणूस

उंबरठा

गेल्या उन्हाळ्यात आई दीड महिना लंडनला आमच्याकडे होती. पाय दुखतात म्हणून तिला फार हिंडवलं नाही, पण ट्रॅफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत तीनदा घेऊन गेले. प्रवेश फुकट, बसायला बाकडी आणि आत गारवा. दुसऱ्या खेपेला ती एका चित्रासमोर बसली आणि पाऊण तास हललीच नाही. त्या दिवशी तिनं विचारलेला एक प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

चित्र इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचं, १६०१ सालचं, 'अम्माऊस येथील भोजन'. गोष्ट बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानात (लूकनं लिहिलेल्या येशूच्या कथेत), २४ व्या अध्यायात आहे. येशूला क्रुसावर देऊन तिसरा दिवस. त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे पायी निघालेत. मन पार खचलेलं. वाटेत एक अनोळखी वाटसरू सोबतीला येतो, काय झालं म्हणून विचारतो, त्यांचं सगळं ऐकून घेतो, मग स्वतः बोलत राहतो. तो मेलेल्यांतून उठलेला येशूच आहे, पण त्यांना ओळख पटत नाही. गाव येतं. तो पुढे जायला निघतो तेव्हा हे दोघं आग्रह करतात: संध्याकाळ झाली, दिवस उतरला, आमच्याबरोबर राहा. तो थांबतो. जेवायला बसल्यावर भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांच्या हातात देतो. त्याच क्षणी त्यांना तो ओळखू येतो, आणि ओळखू येताच दिसेनासा होतो.

लूकनं जेवणाचा हा भाग अवघ्या दोन-तीन ओळींत आटोपलाय. कॅराव्हाज्जोनं त्यातला नेमका एक श्वास पकडला. येशूचा हात आशीर्वादासाठी पुढे आलेला आहे. डावीकडचा शिष्य खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू पाहतोय, त्याच्या अंगरख्याची बाही कोपरावर फाटलेली आहे. उजवीकडच्यानं दोन्ही हात आडवे फैलावलेत, त्यातला एक तर थेट आपल्या अंगावर येतो. त्याच्या छातीशी शिंपला अडकवलेला आहे. युरोपात शिंपला म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूची खूण. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ दिसली की माणूस वारीचा हे वेगळं सांगावं लागत नाही, तसं. टेबलावर पाव, भाजलेला पक्षी, काचेचं पाण्याचं भांडं, आणि टेबलाच्या अगदी कडेला फळांची टोपली. इतकी कडेला की आई बसल्या बसल्या म्हणाली, "अगं, ती आत सरकव म्हणावं कुणीतरी."

मग तिनं विचारलं, "आणि हा मागं टोपी घालून उभा आहे तो कोण?"

येशूच्या बाजूला, त्याच्या उजव्या खांद्यामागे, एक माणूस उभा आहे. बाह्या दुमडलेल्या, डोक्यावर पांढरी टोपी. खाणावळीचा मालक. समोर दोघं माणसं हादरून उठताहेत आणि हा येशूकडे शांतपणे बघतोय. आपल्या खाणावळीत काय घडतंय याचा त्याला पत्ता नाही.

घरी येऊन मी लूकचा अध्याय उघडला. हा माणूस तिथे नाहीच! मालक नाही, वाढपी नाही, खाणावळ हा शब्दही नाही. येशू आणि दोन शिष्य, बस्स. मग त्याला आणलं कुणी?

आईनं साताऱ्यात बावीस वर्षं खाणावळ चालवली आहे. तिचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. "वाढणाऱ्याला पंगतीतलं बोलणं निम्मंच ऐकू येतं. तो ताटात काय संपलं ते बघत असतो. म्हणून त्याला कळलं नाही. त्यात त्याची काही चूक नाही."

मला हे इतकं खरं वाटलं की मी तेव्हापासून अम्माऊसची चित्रं हुडकत सुटले आहे. प्रत्येक चित्रात आधी तो उभा माणूस शोधते. हे मी कलेतलं काही शिकलेली म्हणून लिहीत नाही, तसं काही शिकलेली नाही. जाणकारांनी भर घालावी. हा माणूस कॅराव्हाज्जोच्या आधीही होता का? नंतर त्याचं काय झालं?

---

रंगपेटी

फार सुंदर लिहिलंय. आईंना नमस्कार सांगा. टोपलीबद्दल त्यांना जे वाटलं तेच चित्रकाराला हवं होतं: बघणाऱ्याचा हात नकळत पुढे यावा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो. तो माणूस आधीपासून आहे. व्हेनिसच्या तिशियननं १५३० च्या सुमारास रंगवलेलं अम्माऊस पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात खाणावळवाला उभा आहे, हाताखालचा पोरगाही आहे, आणि टेबलाखाली कुत्रं-मांजर एकमेकांवर गुरगुरताहेत. त्याच्याही आधी, १५२५ मध्ये, पोंतोर्मोनं फ्लॉरेन्सजवळच्या गाल्लुत्सो इथल्या कार्थुसियन मठासाठी हाच प्रसंग केला. तिथे खाणावळवाला नाही. त्याच्या जागी मठातले जिवंत भिक्षू उभे केलेत, पांढऱ्या झग्यात. म्हणजे ज्या भिक्षूंच्या मठासाठी चित्र काढलं तेच अम्माऊसला जाऊन पोचलेत. तिथेही टेबलाखाली मांजर आहे. हे मांजर या गोष्टीत कसं रुळलं त्याचा वेगळा धागा निघेल.

सगळ्यात गर्दी व्हेरोनेझेच्या चित्रात, तेही लूव्रमध्येच. त्यात व्हेनिसमधलं एक श्रीमंत कुटुंब लेकराबाळांसकट जेवणाभोवती उभं आहे, आणि पुढ्यात दोन लहान मुली कुत्र्याला कुरवाळताहेत. त्यांच्या पाठीमागे जगाचा तारणारा भाकर मोडतोय याकडे त्यांचं लक्ष नाही.

तेव्हा माणूस जुना, पण त्याला इतकं वजन कॅराव्हाज्जोनं दिलं. तिशियनकडे खाणावळवाला प्रसंग भरण्यासाठी आहे. कॅराव्हाज्जोकडे तो काढून टाकला तर चित्र कोसळतं. दोघं शिष्य का दचकले हे आपल्याला त्याच्या न दचकण्यामुळे कळतं. त्याची सावलीही बघा. ती मागच्या भिंतीवर येशूच्या डोक्यामागे पडली आहे. जिथे जुन्या चित्रांत सोनेरी प्रभावळ असायची तिथे या चित्रात एका खाणावळवाल्याची काळी सावली आहे.

आणखी एक गंमत. फैलावलेल्या हातांकडे नीट बघा. आपल्याजवळचा हात मोठा आणि पलीकडचा लहान दिसायला हवा, पण दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत. काही जण याला चूक म्हणतात. मी विद्यार्थ्यांना सांगतो की दोन्ही हातांना तेवढंच ओरडायचं होतं.

---

खारजमीन

मी वसईची, कॅथलिक. हा उतारा आमच्या चर्चमध्ये दर तीन वर्षांनी पास्काच्या (ईस्टरच्या काळातल्या) तिसऱ्या रविवारी वाचला जातो. शिवाय दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यातल्या बुधवारी. त्यामुळे गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, पण चित्र आज पहिल्यांदा नीट बघितलं. धन्यवाद.

एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. धाग्यात ओळख पटण्यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण ओळख कशानं पटली? ती चेहऱ्यानं पटलेली नाही आणि आवाजानंही नाही. वाटभर तो त्यांच्याशी बोलत होता, शास्त्र उलगडून सांगत होता, तरी त्यांना कळलं नाही. भाकर मोडली तेव्हा कळलं. शिष्य रात्रीच यरुशलेमला परत गेले आणि त्यांनी बाकीच्यांना हेच सांगितलं, की भाकर मोडताना आम्ही त्याला ओळखलं. प्रत्येक मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, धर्मगुरू भाकर हातात घेऊन मोडतात तेव्हा आमच्यासाठी अम्माऊसच घडत असतो. म्हणून हे जेवण आमच्यासाठी आश्चर्याच्या एका क्षणापुरतं नाही, ते दर रविवारचं आहे.

मराठी बायबलमध्ये इथे पाव नाही, 'भाकर' हा शब्द आहे. मी लहान असताना माझ्या डोळ्यांपुढे तांदळाची भाकरीच यायची, आजी मोडून द्यायची तशी. इटलीतल्या चित्रकारापुढे त्याच्या बेकरीतला पाव आला. दोघांचंही मला बरोबर वाटतं.

---

माळरान

@खारजमीन, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. खूप छान.

धाग्यातलं चित्र मोठंच आहे, पण मला त्याच कॅराव्हाज्जोचं दुसरं अम्माऊस जास्त जवळचं वाटतं. ते मिलानला ब्रेरा गॅलरीत आहे. कामानिमित्त दोनदा तिकडे जाणं झालं, दोन्ही वेळा मुद्दाम ते बघायला गेलो.

दोन चित्रांमध्ये पाचच वर्षं आहेत, पण त्या पाच वर्षांत माणूस उद्ध्वस्त झालाय. पहिलं चित्र रोममधल्या मात्तेई घराण्यातल्या चिरियाको मात्तेईसाठी केलेलं. त्याचे १५० स्कुदी (तेव्हाची रोममधली नाणी) मिळाल्याची नोंद जानेवारी १६०२ ची आहे. कॅराव्हाज्जो तेव्हा रोमचा सगळ्यात गाजलेला चित्रकार. मग २८ मे १६०६ ला एका मारामारीत त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या माणसाचा खून झाला. तो रोममधून पळाला आणि कोलोन्ना घराण्याच्या जहागिरीत लपून राहिला. तिथे, त्याच उन्हाळ्यात, त्यानं परत हाच प्रसंग रंगवला.

फळांची टोपली गेली. भाजलेला पक्षी गेला. ओरडणारे हात गेले. टेबलावर पाव, एक सुरई आणि थोडीशी भांडी. पहिल्या चित्रातला येशू बिनदाढीचा, गुबगुबीत, जवळजवळ पोरगेला आहे. इथला दाढीवाला आणि दमलेला. अर्धा चेहरा अंधारात. हात टेबलावरून जेमतेम उचललाय. रंगाचे थर इतके पातळ आहेत की घाईत काढल्यासारखं वाटतं, आणि कदाचित घाईतच असेल.

आणि @उंबरठा, तुमचा खाणावळवाला तिथेही आहे. आता त्याच्या शेजारी एक म्हातारी मोलकरीण उभी आहे, हातात थाळी घेऊन. सुरकुतलेला चेहरा, नजर खाली. ती येशूकडे बघतसुद्धा नाही. मला त्या चित्रात सगळ्यात जास्त तीच आठवते. चार वर्षांनी, १६१० च्या जुलैत, रोमला माफी मिळण्याच्या आशेनं परत येताना कॅराव्हाज्जो वाटेतच मेला. वय ३८.

---

उंबरठा

@माळरान, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच ते चित्र शोधलं. त्या म्हातारीबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. पहिल्या चित्रातल्या मालकाला कळलं नाही तरी त्याला निदान कुतूहल आहे. हिला तेवढीही फुरसत नाही. दिवसभर उभी राहिलेली बाई आहे ती.

@खारजमीन, तुमची दुरुस्ती मान्य. मी ओळख हीच मुख्य घटना धरून चालले होते. पण मग एक प्रश्न पडतो. भाकर मोडण्यातूनच ओळख पटत असेल, तर खाणावळवालाही ते बघतोच आहे. त्याला का पटत नाही?

---

खारजमीन

कारण तो वाट चाललेला नाही. मला तरी असं वाटतं. त्या दोघांनी आधी मैलोन् मैल दुःख सांगितलं, ऐकलं. नंतर ते एकमेकांना म्हणतात, तो वाटेत बोलत होता तेव्हा आपल्या आतलं काळीज पेटत नव्हतं का? भाकर मोडली तेव्हा आत निखारा आधीच होता. खाणावळवाल्याच्या आत तो अजून नाही. पण भाकर त्याच्या घरातली आहे हे विसरू नका.

---

रंगपेटी

बिनदाढीच्या येशूबद्दल थोडं. लोकांना तेव्हाही तो खटकला होता. बेल्लोरी नावाच्या लेखकानं १६७२ मध्ये कलावंतांची चरित्रं छापली, त्यात या चित्रावर ठपके ठेवलेत: शिष्य गावंढळ दिसतात, येशू तरुण आणि बिनदाढीचा आहे, आणि द्राक्षं, डाळिंब, अंजिरं ही फळं त्या ऋतूतली नाहीत. शेवटचं खरंच आहे. ही गोष्ट ईस्टरच्या दिवशीची, म्हणजे वसंतातली. टोपलीतली फळं शरदातली.

पण दाढी नसण्याला आधार निघतो. मार्कच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात एकच ओळ आहे, की दोघं जण चालत असताना तो त्यांना 'दुसऱ्या रूपात' दिसला. दुसऱ्या रूपात म्हणजे ओळखीच्या चेहऱ्यानं नाही. कॅराव्हाज्जोनं शिष्यांची अडचण आपल्यालाही दिली. ओळखीची दाढी, लांब केस, प्रभावळ दिसली असती तर आपण लगेच ओळखलं असतं, आणि शिष्यांना कसं कळलं नाही असं म्हणत बसलो असतो.

फळांचं म्हणाल तर, द्राक्ष म्हणजे द्राक्षारस, डाळिंब म्हणजे पुनरुत्थान, असे अर्थ त्या काळी लावले जात. तसा अर्थ त्याच्या मनात असेलही. मला मात्र वाटतं की त्याला फळं रंगवायला मनापासून आवडत. त्याची फळं किडकी, डाग पडलेली असतात. समोर जे आहे तेच रंगवायचं हा त्याचा हट्ट होता. त्याचं म्हणून खात्रीनं सांगता येईल असं एकही रेखाटन आजवर सापडलेलं नाही. माणसं समोर बसवून थेट कॅनव्हासवर.

---

नदीकाठ

मला एक खटकतं ते विचारते, रागावू नका. गोष्ट पॅलेस्टाइनमधली, पहिल्या शतकातली. माणसं ज्यू. चित्रात सगळे इटालियन, कपडे इटालियन, खाणावळ इटालियन. हे बरोबर आहे का? पुढे जगभर गोरा येशू पोचला तो याच चित्रांमुळे ना?

---

रंगपेटी

रागावण्यासारखं काहीच नाही, प्रश्न रास्त आहे. आणि तो तेव्हाही विचारला गेलाय, थेट धर्मन्यायालयात.

व्हेरोनेझेचा उल्लेख वर केला. त्यानं १५७३ मध्ये व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी येशूचं शेवटचं भोजन रंगवलं. जवळजवळ तेरा मीटर रुंद. त्यात विदूषक, पोपट, बुटकी माणसं, हातात हत्यारं घेतलेले जर्मन सैनिक, नाकातून रक्त वाहणारा नोकर. १८ जुलै १५७३ ला इन्क्विझिशननं, म्हणजे त्या धर्मन्यायालयानं, त्याला बोलावलं. त्या चौकशीची लेखी नोंद आजही आहे. प्रभूच्या शेवटच्या भोजनात विदूषक आणि दारुडे शोभतात का, असं विचारलं. तो म्हणाला, कवी आणि वेडे जी मोकळीक घेतात तीच आम्ही चित्रकार घेतो. तीन महिन्यांत चित्र दुरुस्त कर, खर्च तुझा, असा हुकूम झाला. त्यानं चित्र तसंच ठेवून नाव बदललं: 'लेवीच्या घरची मेजवानी'. लूकच्या पाचव्या अध्यायात लेवी नावाच्या जकातदाराच्या घरी येशू जेवतो, तिथे नाहीतरी सगळी बदनाम मंडळी जमलेली असतात. चित्रावर लूकचा संदर्भही लिहून टाकला. आज ते व्हेनिसच्या अकादेमिया गॅलरीत आहे.

पण इथे आक्षेप शिस्तीबद्दलचा होता. येशू व्हेनिसचा दिसतो याबद्दल कुणी ब्र काढला नाही. त्यांच्या डोक्यात ती गोष्ट त्यांच्या गल्लीतच घडत होती.

---

खारजमीन

@नदीकाठ, आमच्या घरातल्या देव्हाऱ्यातही गोरा, निळ्या डोळ्यांचा येशूच आहे, आजोबांच्या वेळेपासून. त्यामुळे तुमचा प्रश्न मला लागतो. अर्धं उत्तर असं की चित्रकारानं आपल्या गावची माणसं बसवली तर ती भक्ती आहे. तीच चित्रं राज्यकर्त्यांबरोबर दुसऱ्याच्या गावात जाऊन 'हेच खरं रूप' म्हणून बसली की तिथल्या माणसाला स्वतःचं रूप परकं वाटायला लागतं. दोन्ही गोष्टी एकाच चित्राबाबत खऱ्या असू शकतात.

उरलेलं अर्धं आपल्या भाषेत आहे. कॅराव्हाज्जो रोममध्ये रंगवत होता त्याच काळात गोव्यात फादर स्टीफन्स मराठीत ओव्या रचत होते. इंग्रज माणूस, रोममध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात गेला, १५७९ मध्ये गोव्यात आला. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. येशूची कथा आपल्या पुराणाच्या घाटात, ओवीत. आणि विसाव्या शतकात आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकारानं मरियेला साडी नेसवली. शांतिनिकेतनात शिकलेला, पुण्याच्या आश्रमात राहून काम केलेला. त्यावर टीकाही झाली. इटालियन कपड्यातल्या मरियेवर टीका झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

---

नदीकाठ

पटलं. फोन्सेकांची चित्रं आत्ताच शोधली. त्या मरियेच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. धन्यवाद.

---

दिवेलागण

अम्माऊस म्हटलं की मला डच चित्रकार रेम्ब्राँ आठवतो. कॅराव्हाज्जोनं ब्रेराचं चित्र १६०६ मध्ये काढलं, त्याच वर्षी रेम्ब्राँ जन्मला. तो आयुष्यात कधी इटलीला गेला नाही. पण उट्रेख्टचे चित्रकार रोमला जाऊन तो अंधार-उजेड घेऊन हॉलंडला परतले होते, त्यांच्याकडून तो त्याच्यापर्यंत आला.

त्याचं १६२९ च्या सुमाराचं अम्माऊस पॅरिसला जाकमार-आंद्रे संग्रहालयात आहे. तो तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा. चित्र इवलंसं, कागदावर रंगवून फळीवर चिकटवलेलं. खोलीत दिवा आहे, पण तो येशूच्या आड आहे. त्यामुळे येशूची निव्वळ काळी आकृती दिसते, चेहऱ्याची कड आणि दाढी. समोरचा शिष्य उजेडात, डोळे फाटलेले. दुसरा शिष्य कुठे आहे ते मला पहिल्यांदा कळलंच नाही. तो येशूच्या पायाशी अंधारात कोसळलाय, खुर्ची उलटली आहे.

आता डावीकडे लांब मागे बघा. स्वयंपाकघर आहे. चुलीच्या उजेडापुढे एक बाई वाकून काम करते आहे. तीही काळी आकृतीच. म्हणजे चित्रात उजेडाच्या पुढ्यात उभ्या केलेल्या दोन सावल्या आहेत: एक येशूची, एक स्वयंपाकिणीची. ओळख पटल्याचा धक्का बसलेला शिष्य पूर्ण उजेडात आहे, पण आकार मात्र या दोघांचे जुळतात. हे योगायोगानं झालंय असं मला वाटत नाही.

एकोणीस वर्षांनी, १६४८ मध्ये, त्यानं परत तोच प्रसंग केला. ते चित्र लूव्रमध्ये आहे. तिथे नाट्य काहीच नाही. येशू समोर बसलाय, डोळे वर, मागे उंच कोनाडा. शिष्यांना आत्ता आत्ता कळायला लागलंय. वाढणारा पोरगा थाळी घेऊन पुढे झालाय, आणि त्याला कळलेलं नाही. बायको सास्कियाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. चित्राचा अर्थ चित्रकाराच्या आयुष्यातून लावू नये म्हणतात. मी लावते.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक रेखाटन आहे, रेम्ब्राँच्या कार्यशाळेशी जोडलं जाणारं. त्यात येशू नाहीच. दोन घाबरलेले शिष्य, आणि येशूच्या जागी रिकामी खुर्ची. खुर्चीवर नुसता उजेडाचा भपकारा. लूकनं लिहिलेलं पुढचं वाक्य, तो दिसेनासा झाला, ते कुणीतरी खरंच काढून दाखवलं.

---

माळरान

रिकाम्या खुर्चीचं ठाऊक नव्हतं. आत्ता बघितलं. अंगावर काटा आला.

विषय निघालाच आहे तर एका खोट्या अम्माऊसची गोष्ट. १९३७ मध्ये हॉलंडमध्ये एक अम्माऊस 'सापडलं', सतराव्या शतकातल्या नामवंत डच चित्रकार व्हर्मेरचं म्हणून. अब्राहम ब्रेडियस या नावाजलेल्या तज्ज्ञानं ते व्हर्मेरचं सर्वश्रेष्ठ चित्र ठरवलं आणि रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात ते मानानं लागलं. काढलं होतं हान व्हान मेगेरेन या हयात चित्रकारानं. सतराव्या शतकातला जुना कॅनव्हास मिळवून, रंगात बेकेलाइटसारखी राळ मिसळून, चित्र भट्टीत भाजून त्यानं जुनेपणा आणला. विषय अम्माऊसच का घेतला? तरुण व्हर्मेरवर कॅराव्हाज्जोच्या शैलीचा प्रभाव असावा असा तज्ज्ञांचा अंदाज होता, आणि तो जोडणारा दुवा कुणाला मिळत नव्हता. त्यानं त्यांना हवा तोच दुवा बनवून दिला.

युद्धानंतर, १९४५ मध्ये, नाझी नेता ग्योरिंगला राष्ट्राचा ठेवा असलेलं 'व्हर्मेर' विकलं म्हणून त्याला पकडलं. देशद्रोहाच्या आरोपातून सुटायला त्यानं कबूल केलं की ते मीच काढलेलं आहे, आणि अम्माऊसही. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा पहाऱ्याखाली नवं चित्र काढून दाखवलं. १९४७ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगायच्या आधीच तो वारला.

त्या चित्रातही मोलकरीण उभी आहे. मी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. पण तिच्यात कुणी राहत नाही असं वाटतं. आता मला माहीत आहे म्हणून तसं वाटतं का, हे सांगता येणार नाही.

---

दूरचे दिवे

मी डब्लिनला असते. इतके दिवस नुसती वाचत होते, पण आता लिहायलाच हवं, कारण धाग्यात शोधला जातोय तो उभा माणूस इथे, आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीत, चित्राच्या मधोमध आहे. आणि ती बाई आहे.

स्पॅनिश चित्रकार वेलास्केझनं हे चित्र स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये असताना केलं, १६१७-१८ च्या सुमारास, वय अठरा-एकोणीस. आडवं चित्र. एक तरुण आफ्रिकी वंशाची मोलकरीण स्वयंपाकघरात उभी आहे, डोक्याला पांढरं फडकं. पुढ्यात खल, सुरया, पालथी भांडी, लसणाचा गड्डा. वर्षानुवर्षं लोक त्याला एका मोलकरणीचं चित्र म्हणूनच बघत होते. १९३३ मध्ये चित्र साफ करताना वरचा रंग निघाला आणि मागच्या भिंतीत एक खिडकी उघडली. खिडकीतून पलीकडची खोली दिसते. तिथे येशू टेबलाशी बसलाय. अम्माऊस! कुणीतरी कधीतरी ते रंगवून बुजवून टाकलं होतं.

इथे सगळं उलटं झालंय. येशू आणि शिष्य एका कोपऱ्यात इवलेसे. पुढे, मोठी, उजेडात, ती. सेव्हिलमध्ये तेव्हा आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसं मोठ्या संख्येनं होती. तीही गुलाम असू शकेल. पुढे वेलास्केझच्या स्वतःच्या घरात हुआन दे पारेखा नावाचा गुलाम होता. त्याला त्यानं १६५० मध्ये मुक्त केल्याचा कागद आहे. पारेखा मग स्वतः चित्रकार झाला. १६६१ मध्ये त्यानं 'मत्तयाला बोलावणं' हा शुभवर्तमानातलाच प्रसंग रंगवला, तो माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात डाव्या टोकाला त्यानं स्वतःला उभं केलंय. हातात कागद, कागदावर स्वतःची सही.

डब्लिनच्या चित्रातली ही बाई खिडकीकडे पाठ करून उभी आहे. तिला दिसत काही नाही. पण मान किंचित कललेली आहे. मी इथे शनिवारी बऱ्याचदा जाते आणि दर वेळी वाटतं की ती ऐकते आहे.

---

उंबरठा

@दूरचे दिवे, तुम्ही लिहिलंत म्हणून किती बरं झालं. काल रात्री हे चित्र आईला फोनवर पाठवलं. येशूबद्दल, खिडकीबद्दल काही सांगितलं नाही. नुसतं, बघ, म्हटलं.

तिनं मोठं करून बघितलं बराच वेळ. मग म्हणाली, "हिला ऐकू आलंय. सुरईला हात लावलाय, पण उचलत नाहीये. काम चालू असताना हात असा राहत नाही."

मी विचारलं, मग लंडनच्या टोपीवाल्याला का नाही आलं ऐकू? म्हणाली, "तो मालक आहे. त्याला बिलाची काळजी."

डब्लिनला जायचं ठरवते आहे. एक विचारायचं होतं, खिडकीत मला येशू आणि एकच शिष्य दिसतो. दुसरा कुठे आहे?

---

दूरचे दिवे

चित्र डाव्या बाजूनं कधीतरी कापलं गेलंय. दुसऱ्या शिष्याचा हात तेवढा कडेला उरला आहे. फोनवर तो कळत नाही, जवळ जाऊन बघावं लागतं. याल तेव्हा कळवा, बरोबर जाऊ. आईंनाही आणा, समोरच बाकडं आहे.